सारस आणि ठाम

४ जून

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

आई जाऊन आज तीन आठवडे झाले. तू परत गेल्यापासून घर खायला उठतं. तुझी वहिनी अजून सवयीने चहाचा एक कप जास्त ओतते, आणि मग दोघंही त्या कपाकडे बघत बसतो.

निघताना तू काही बोलली नाहीस, पण तुझ्या मनातलं मला कळत नाही असं समजू नकोस. बाबा गेले तेव्हा कारखाना माझ्याकडे आला आणि तू हात हलवत घराबाहेर पडलीस. खरं तर लाकडावर टिचकी मारून ते कुठे दगा देईल हे सांगणारी तू. मी नुसता शिड्या विकणारा. बाबांनी आणि कारखान्यातल्या मिस्त्रीकाकांनी जे काही शिकवलं ते तुझ्या हातात उतरलं, माझ्या नाही. तुझ्या 'खार' शिड्यांचं नाव आता आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी ऐकतो. अग्निशमन दलाच्या तीनशे शिड्यांचं कामही तुलाच मिळतंय म्हणे. मला अभिमान वाटतो, खोटं नाही.

आईच्या नावावर एकच गोष्ट उरली आहे, 'ठाम'. ते तुला द्यायचं मी ठरवलंय.

आपल्या शिडीवर दोन चिन्हं असतात, तुला सांगायला नको. रंगाने छापलेला सारस आपल्या कारखान्याचा. शिडी आपल्याकडची आहे एवढंच तो सांगतो, आणि दुसऱ्या कुणी तो वापरायचा नाही. 'ठाम' लाकडात डागलेलं असतं. शिडी कुणाची का असेना, ती वजन टांगून तपासलेली आहे, हे ते सांगतं. ते माझ्या शिडीवर आहे, तुझ्या आहे, आणखी अकरा कारखान्यांच्या आहे. गिऱ्हाईक सारस बघून शिडी ओळखतं, पण पाय ठेवतं ते ठाम बघून. आता तूच सांग, मोठा वाटा कुणाचा?

वकील कागद पाठवतील. दोन साक्षीदारांसमोर सही कर आणि उलट टपाली पाठव.

तुझा,
दादा


११ जून

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र कामावरच फोडलं आणि रंध्याच्या भुशात बसून दोनदा वाचलं. पायऱ्या जोडायच्या खुंट्या कातणाऱ्या बाईंनी विचारलं, "ताई, वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही हो, माझ्या भावाचं पत्र आहे."

दादा, मी तुझ्याबद्दल चौदा वर्षं वाईट बोलत आले. अगदी परवा, आईला पोचवून परतताना गाडीतसुद्धा मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. आता माझी मलाच लाज वाटते.

कागद आले. सात पानं, आणि भाषा अशी की वाचताना दात दुखावेत. शेवटच्या पानावर तुझी सही दिसली, तिच्याखाली मी माझी केली. साक्षीदार म्हणून समोरचा शिंपी आणि त्याची बायको.

एकच विचारते. बाबांनी हे चिन्ह स्वतःच्या नावावर न घेता आईच्या का घेतलं? तिला तर स्टुलावर चढायचं म्हटलं तरी घाम फुटायचा.

अग्निशमन दलाचं काम नक्की झालं. ठामचा डाग नसेल तर शिडी आवाराच्या आत येऊ देत नाहीत, इतके कडक आहेत ते. लाकूड चांगलं सुकलंय. मिस्त्रीकाकांना सांग, तीनही ठिकाणी पाचर मारते, त्यांनी शिकवली तशी.

वहिनीला नमस्कार.

खारू


१५ जून

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

कागद पोचले, सगळं ठीक आहे.

आईच्या नावावर का, म्हणतेस? बाबांचं तिच्यावर किती प्रेम होतं ते तू पाहिलंयसच. नवरे दागिने देतात, बाबांनी चिन्ह दिलं.

मिस्त्रीकाकांना तुझा निरोप सांगितला. ते फक्त "हं" म्हणाले, पण दिवसभर खुशीत होते. तुझं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलतो, माझ्या नावाने कधी बदलला नाही.

दादा


२२ ऑगस्ट

चि. खारू,
आशीर्वाद.

पहिल्या तारखेपासून ठामची नोंद तुझ्या नावावर झाली. मनापासून अभिनंदन.

आता वकिलांनी एक अडचण काढली आहे, ती तुझ्या कानावर घालणं मोठा भाऊ म्हणून माझं कामच आहे. ठाम हे प्रमाणचिन्ह आहे. साध्या ट्रेडमार्कचा मालक आपल्याच मालावर चिन्ह लावतो, जसा मी सारस लावतो. प्रमाणचिन्हाचं उलटं असतं. त्याच्या मालकाला त्या जातीच्या मालाचा धंदाच करता येत नाही. पेपर तपासणाऱ्याने परीक्षेला बसायचं नाही, इतकं सरळ आहे हे. म्हणून तर ते आईच्या नावावर होतं. तिने उभ्या जन्मात एक खिळा ठोकला नव्हता.

आणि तू तर लिहून दिलं आहेस. चौथं पान बघ. 'मी शिड्या बनवत नाही, विकत नाही, पुढेही बनवणार वा विकणार नाही.' खाली तुझी सही, शिंप्याची सही, शिंपिणीची सही.

हे सगळं असून तू ऑगस्ट लागल्यावरही शिड्या बनवत होतीस आणि त्यांवर ठाम डागत होतीस, असं मला समजलं. गप्प बसलो असतो तर मीही अडकलो असतो. म्हणून नोंदणी कार्यालयाला आणि अग्निशमन दलाला कळवणं भाग पडलं. दलाच्या साहेबांनी फार समजूतदारपणा दाखवला. त्या तीनशे शिड्या आता आम्ही देतोय.

चिन्ह दुसऱ्याच्या नावावर करीन म्हणशील. करता येतं, पण कार्यालयाची परवानगी लागते, आणि तक्रार चालू असेपर्यंत ती मिळत नाही. वकील म्हणतात, दीड वर्ष धरून चाल.

रागावू नकोस. कायदा काही मी केलेला नाही.

दादा


३० ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी खुंट्या कातणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की काम बंद. नऊ वर्षं दोघं माझ्याकडे होते. बाईंना वाटलं त्यांच्या हातून काही चुकलं. त्या गेल्या महिन्यातल्या शिड्या एकेक करून आठवायला लागल्या, "ती अकरा पायऱ्यांची का, ताई? तिची खुंटी मी परत कातली होती की." मला त्यांना चूक सांगता येईना आणि खरं सांगायची लाज वाटत होती. माझ्या भावाने मला मामा बनवलं, हे कोणत्या तोंडाने सांगू?

करवती तेल लावून कागदात गुंडाळून ठेवल्या. सोळा वर्षांची असल्यापासून माझ्या हाताला एक दिवस सुट्टी नव्हती. आता ते मांडीवर पडून असतात, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

तू कितीही नीच असलास तरी वकील बरा शोधतोस. मीही एक शोधला. त्याने मला नुसतं चौथं पान दाखवलं नाही, ठामची सगळी नियमावली वाचून दाखवली. बाबांनीच लिहिलेली आहे. तिच्यात लिहिलंय की जो नियमात बसेल त्याला चिन्ह नाकारायचं नाही, मग तो मालकाचा वैरी का असेना. आणि जो बसणार नाही त्याचं काढून घ्यायचं, मग तो मालकाचा सख्खा भाऊ का असेना. हे शब्द माझे आहेत, पण अर्थ तोच.

आईच्या वतीने शाळेतले मास्तर तपासणी करायचे. दोन वर्षांपासून त्यांना दिसत नाही. म्हणजे तुझ्या शिड्या दोन वर्षं कुणी तपासलेल्या नाहीत.

मी पाच तारखेला येते. सहा शिड्या मीच निवडणार आणि माझ्याकडे आणून तपासणार.

खारू


२ सप्टेंबर

चि. खारू,

ये की. घर तुझंच आहे. टांगायला वाळूची पोती आहेत ना तुझ्याकडे, की शिड्यांबरोबर इथूनच देऊ दोनचार?

नाकारायचं नाही, हे तूच वाचलंस ते बरं झालं. मिस्त्रीकाकांच्या हातच्या शिड्या आहेत, त्यांच्यात खोट काढायला तुला दुसरा जन्म घ्यावा लागेल. ते तर तू येणार म्हणून कालपासून एप्रन धुवायला टाकून बसलेत. "पोरगी तपासणार म्हणजे नीट तपासणार," म्हणाले.

वहिनी विचारते, जेवायला थांबशील ना?

दादा


१९ सप्टेंबर

श्री. मालक, सारस शिडी कारखाना, यांस,

ठाम प्रमाणचिन्हाच्या नियमांनुसार आपल्या सहा शिड्यांची तपासणी केली. प्रत्येक शिडी दोन टेकूंवर आडवी ठेवून मध्यभागी एकशे तीस किलो वजन पाच मिनिटं टांगलं. सहापैकी चार शिड्यांच्या खुंट्या सैल झाल्या. दोष लाकडाचा नसून जोडकामाचा आहे.

आजपासून आपल्या मालावर ठाम डागण्याची परवानगी काढून घेत आहे. दोष दूर केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल.

ठाम प्रमाणचिन्हाची मालक


२ ऑक्टोबर

खारू,

तुझा कागद पोचला. अग्निशमन दलाने काम थांबवून ठेवलंय. तुझ्या मनासारखं झालं.

जोडकाम कोण करतं ते तुला ठाऊक आहे. काल दुपारी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि तुझा अहवाल मोठ्याने वाचला. 'दोष जोडकामाचा आहे' ही ओळ वाचली तेव्हा मिस्त्रीकाकांनी पुन्हा वाचायला सांगितली. मी पुन्हा वाचली. त्यांनी विचारलं, "हे पोरीने लिहिलंय? तिच्याच हाताने?" मी तुझी सही दाखवली.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, सही बघितली, चष्मा परत ठेवला. म्हणाले, "तिने लिहिलंय म्हणजे असेल. माझे हात गेले असतील, मला कळलं नसेल." मग स्वतःहून एप्रन सोडला आणि घडी करून माझ्या हातात दिला. एकतीस वर्षं झाली होती त्यांना. मी अडवलं नाही. सैल खुंटीने उद्या कुणी पडला असता तर? तू तरी दुसरं काय केलं असतंस?

दादा


९ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र वाचून होईपर्यंत तरी माझ्यावरचा राग बाजूला ठेव.

काकांना परत बोलाव. आजच बोलाव. सहाही शिड्या पास होत्या.

एकशे तीस टांगले, काही झालं नाही. मी एकटीच होते, कारखाना रिकामा. मला ती शिडी मोडायला हवी होती. मी आणखी एक पोतं चढवलं, मग आणखी एक. एकशे ऐंशीपर्यंत गेले. नियमात एवढं कुठेच नाही. समोर उकिडवी बसून पाच मिनिटं वाट बघितली की आता तरी कुरकुरेल. ती हूं की चूं करेना. मग दुसरी, मग तिसरी. सहाव्या शिडीपर्यंत माझ्या खांद्यांत जीव उरला नव्हता. एकही खुंटी केसभर हलली नाही.

मग मी हात धुतले, टेबलापाशी बसले आणि 'खुंट्या सैल' लिहिलं.

मला तुला मारायचं होतं. काका मध्ये येतील हे मला दिसलं नाही असं म्हणणार होते, पण तेही खरं नाही. जोडकाम हा शब्द लिहिताना त्यांचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. मी तरीही लिहिला.

मी नवा अहवाल पाठवते. वजनकाटा बिघडला होता असं लिहीन, परवानगी परत देते, अग्निशमन दलालाही कळवते. तीनशे शिड्या तूच दे. मला काही नको. फक्त त्यांना परत घे आणि सांग की त्यांचे हात शाबूत आहेत.

तुझी,
खारू


१६ ऑक्टोबर

चि. खारू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तिजोरीत ठेवलं.

तू मला इतकं भोळं समजावंस याचं वाईट वाटलं. तुझा अहवाल आल्या आल्या त्याच खेपेतल्या चार शिड्या मी तंत्रशाळेत पाठवल्या होत्या. त्यांचा निकाल २५ सप्टेंबरला हातात आला. चारही उत्तम. म्हणजे अंगणात तुझा कागद वाचला त्याच्या आधी. होय, आधीच.

काका किती हट्टी आहेत तुला माहीत आहे. जोड चिकटवायचं यंत्र घ्यायचं माझ्या चार वर्षांपासून डोक्यात आहे, आणि ते प्रत्येक वेळी दारात आडवे पडायचे. मी काढलं असतं तर सगळे कामगार त्यांच्यामागे उठून गेले असते. तुझ्या एका ओळीने ते स्वतःच्या पायांनी गेले, आणि कुणी ब्र काढला नाही. यंत्र सोमवारी येतंय. तेव्हा परत बोलावण्याचा प्रश्नच नाही.

आता कामाचं बोलू. नवा अहवाल जरूर पाठव, वजनकाट्याची कल्पना छान आहे. आणि परवानगी काढताना मागवून घेतलेला ठामचा लोखंडी शिक्का मला परत पाठव. यापुढे सारसच्या शिड्या आम्हीच तपासू, आम्हीच डागू, तुला तपासणीचा त्रास नको. कागदावर मालक तूच राहा. नाही म्हणालीस तर तुझं पत्र मला योग्य ठिकाणी पोचवावं लागेल. खोटं लिहून देणाऱ्या तपासनिसाचं काय होतं ते तुझ्या वकिलाला विचार.

हे वाचून फाडून टाक. शहाणी हो. बाबांची दोन्ही चिन्हं शेवटी एका छपराखाली येतायत, याचं तुला बरं वाटायला हवं.

दादा


६ नोव्हेंबर

दादा,

मी फाडलं नाही.

तुझं पत्र, माझ्या कबुलीची नक्कल आणि खरे आकडे घेऊन मी गेल्या महिन्याच्या एकोणीस तारखेला नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी सगळं वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही स्वतःविरुद्ध देताय, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. त्यांनी शिक्का मारून पोच दिली.

परवा निर्णय आला, मालकाचीच कबुली होती म्हणून इतक्या लवकर. ठाम रद्द झालं. तुझं, माझं, त्या अकरा जणांचं, सगळ्यांचं. ज्या चिन्हाच्या मालकाने खोटं लिहिलं त्या चिन्हावर कुणी पाय कसा ठेवायचा, असं त्यांनी लिहिलंय, आणि ते बरोबर आहे. माझ्यावर खटला होईल. तुझ्यावरही होईल असं वकील म्हणतो, पण तुझा वकील माझ्यापेक्षा चांगला आहे. अग्निशमन दल दुसरीकडून शिड्या घेतंय. तुझं यंत्र आलं असेलच.

अकरांतला एकजण माझ्या दारात आला होता, फळबागांच्या उंच शिड्या बनवणारा. मी काय केलं ते त्याने ऐकलं होतं. शिवीगाळ करेल म्हणून मी दार उघडून उभी राहिले. तो म्हणाला, "आमच्या शिड्यांना काय झालं होतं, ताई?" तो गेला.

त्यानंतर मी मिस्त्रीकाकांकडे गेले. वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या तुला माहीत नसतील, तू कधी गेला नाहीस. काकू दळण आणायला गेल्या होत्या. काका खाटेवर बसले होते, दोन्ही हात समोर धरून, बोटं उघडत-मिटत. मला बघून म्हणाले, "थरथरत तर नाहीत गं. मग कुठे चुकत होतो?"

मी त्यांना सगळं सांगितलं. तुझं पत्रही वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, तारखेवर बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

मग विचारलं, "किती टांगलंस?"

"एकशे ऐंशी."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"आवाज?"

"काही नाही, काका."

बराच वेळ ते मान हलवत राहिले. एखादं लांबलेलं काम जमल्यावर हलवतात तशी. मला वाटलं आता रडतील, किंवा माझ्या थोबाडीत देतील, आणि मला दोन्ही चाललं असतं.

ते म्हणाले, "म्हणजे दोघांनाही माहीत होतं."

मी हो म्हटलं.

त्यांनी पत्राची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "जा आता," म्हणाले. मी जिना उतरेपर्यंत दार उघडं होतं. मग लागलं, आणि आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

तुला हे एवढ्यासाठीच लिहिलं की त्यांच्याकडे जायचं तुझ्या मनात आलं, तर जाऊ नकोस.

खारू